‘एरोप्लेन’ कुणाचा? एलिफंट सिक्सच्या मंडळींबद्दल

अनवट

न्यूट्रल मिल्क होटेल या अमेरिकन बँडचा ‘इन द एरोप्लेन ओव्हर द सी’ हा अल्बम इथल्या बऱ्याच जणांनी ऐकला असेल. १० फेब्रुवारी १९९८ ला मर्ज रेकॉर्ड्सने तो काढला. त्याचा विषय निघाला की बोलणं हटकून बँडचा गायक-गीतकार जेफ मँगमवर येऊन थांबतं. त्याचा आवाज, त्याचे शब्द, आणि अल्बम आल्यावर थोड्याच काळात त्याचं लोकांच्या नजरेआड होणं. मीही बरीच वर्षं असाच ऐकत आलो. गेल्या महिन्यात मात्र श्रेयनामावली समोर धरून, हेडफोन लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, आणि हा धागा काढल्याशिवाय राहवेना. एकट्या माणसाचा अल्बम समजून ऐकला तर निम्मा ऐकायचाच राहून जातो.

आधी थोडं मागे जातो. लुइझियाना राज्याच्या उत्तर भागात रस्टन नावाचं छोटं कॉलेजचं गाव आहे. रॉबर्ट श्नायडर, बिल डॉस, विल कलन हार्ट आणि जेफ मँगम हे तिथले शाळेपासूनचे दोस्त. गावात लुइझियाना टेक विद्यापीठ आणि विद्यापीठाचं केएलपीआय हे विद्यार्थ्यांनी चालवलेलं रेडिओ केंद्र. बाहेरच्या जगातलं संगीत त्यांच्यापर्यंत पोचायची ती एक मोठी वाट होती. बाकी वेळ ही मुलं घरी कॅसेटवर गाणी भरायची आणि एकमेकांच्या हातात ठेवायची. श्रोता म्हणजे मित्र, आणि समीक्षकही तोच. पुढच्या आठवड्यात त्याची कॅसेट येणार, म्हणजे आपली त्याहून बरी हवी. मला वाटतं सगळ्याचं मूळ या देवाणघेवाणीत आहे. कंपनी, नाव, शिक्का हे सगळं नंतरचं.

१९९१ मध्ये श्नायडर डेन्व्हरला गेला. तिथे त्याने हिलरी सिडनी, जिम मॅकिंटायर वगैरेंबरोबर ‘द ॲपल्स’ उभं केलं (पुढे ते ‘द ॲपल्स इन स्टिरिओ’ झालं). १९९३ मध्ये त्यांची सात इंची तबकडी निघाली, तिच्यावर ‘द एलिफंट सिक्स रेकॉर्डिंग कंपनी’ हे नाव होतं. पुढे या सगळ्या मित्रमंडळींना एलिफंट सिक्स हेच नाव पडलं. शिक्क्यावरचं वळणदार चित्र विल हार्टने काढलं. इकडे हार्ट, डॉस आणि मँगम जॉर्जिया राज्यातल्या अथेन्सला जमले. त्यांचा बँड आधी ‘सिंथेटिक फ्लाइंग मशीन’, मग ‘ऑलिव्हिया ट्रेमर कंट्रोल’. मँगम त्यातून बाजूला होऊन स्वतःची गाणी घेऊन निघाला, पण दोस्ती तुटली नाही. डेन्व्हर आणि अथेन्समध्ये रस्त्याने दोन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर आहे. रस्टनमध्ये कॅसेट गल्ली ओलांडून जायची, आता माणसंच एवढा प्रवास करून एकमेकांच्या रेकॉर्डिंगला जायला लागली.

न्यूट्रल मिल्क होटेलचा पहिला अल्बम ‘ऑन ॲव्हरी आयलंड’ १९९५ मध्ये डेन्व्हरला श्नायडरबरोबर रेकॉर्ड झाला आणि १९९६ मध्ये बाहेर आला. तेव्हा ‘बँड’ असा काही नव्हताच म्हटलं तरी चालेल. तो पुढे जमला. ज्युलियन कोस्टर, स्कॉट स्पिलेन, जेरेमी बार्न्स. १९९७ च्या जुलै ते सप्टेंबरात हे सगळे पुन्हा डेन्व्हरला, श्नायडरच्या ‘पेट साउंड्स’ स्टुडिओत आले आणि ‘एरोप्लेन’ तयार झाला.

आता कोणी काय केलं ते बघा. कोस्टरच्या नावापुढे करवत लिहिली आहे. सुताराची असते तशीच करवत. मूठ गुडघ्यांत दाबून धरायची, दुसऱ्या हाताने पातं वाकवायचं आणि बिनदात्यांच्या कडेवर गज फिरवायचा. पातं जास्त वाकवलं की स्वर चढतो. पडदे नाहीत, खुणा नाहीत, स्वर कानानेच शोधायचा. शीर्षकगीतात मागे जो कुणीतरी लांबून गुणगुणल्यासारखा आवाज येतो तो या करवतीचा. शिवाय कोस्टरने बँजोसुद्धा गजाने वाजवला आहे. स्पिलेनकडे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, फ्लूगलहॉर्न, युफोनियम अशी सगळी पितळी फौज. पाचवा तुकडा, ‘द फूल’, मँगमचा नाहीच, तो स्पिलेनने रचला आहे. बार्न्सचे ड्रम्स गाण्याच्या मागे थांबत नाहीत, ते गाण्याला ढकलत नेतात. एल्फ पॉवर या बँडमधली लॉरा कार्टर झँझिथोफोन वाजवते, म्हणजे फुंकून वाजवायचं कॅसिओचं एक इलेक्ट्रॉनिक वाद्य. दहाव्या, बिननावाच्या तुकड्यात आयरिश पाइप्स आहेत, त्या मिशेल अँडरसनच्या. ऑर्गन, पियानो आणि सगळ्याची मांडणी श्नायडरची. फुंकवाद्यांच्या ओळी त्याने आणि स्पिलेनने मिळून बसवल्या. मुखपृष्ठावरचं जुन्या पोस्टकार्डातलं चित्रही मँगमने अथेन्सच्याच ख्रिस बिलहायमरबरोबर बसून तयार केलं. हा तोच बिलहायमर, जो अथेन्सच्याच आर.ई.एम. या बँडसाठी काम करायचा.

ही नावं पाठ करावीत असं म्हणणं नाही. पण पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा एकदा आवाजाकडे लक्ष न देता फक्त करवतीमागे जा. मग एकदा फक्त पितळी वाद्यांमागे. इथे कोणी असं ऐकलं आहे का? आणि या वर्तुळातलं दुसरं कोण तुम्हाला जवळचं वाटतं?

---

मृद्गंध_२

मी यातलं काहीच ऐकलेलं नाही. लेख वाचून ऐकावंसं वाटतंय. थेट ‘एरोप्लेन’पासून सुरुवात करू की आधी दुसरं काही?

---

अनवट

थेट तिथूनच करा. एका बैठकीत ऐका, चाळीस मिनिटांचा आहे. पहिल्यांदा आवाज फार उघडा, फार मोठा वाटेल. तिसऱ्या गाण्यापर्यंत थांबा.

---

खर्ज

लेख आवडला. पण ‘लो-फाय’ (घरगुती, साध्या यंत्रांवरचं खरखरीत रेकॉर्डिंग) या शब्दाबद्दल थोडं लिहितो, कारण या मंडळींना तो शब्द सरसकट लावला जातो आणि त्याने घोटाळा होतो.

शब्दाचं श्रेय सहसा न्यू जर्सीच्या डब्ल्यूएफएमयू केंद्रावर विल्यम बर्गर यांनी १९८६ मध्ये चालवलेल्या घरगुती रेकॉर्डिंगच्या कार्यक्रमाला देतात. यंत्र त्याआधीचं. १९७९ मध्ये टॅस्कॅम कंपनीने पोर्टास्टुडिओ १४४ हे रेकॉर्डिंगचं यंत्र काढलं. साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, म्हणजे फितीवर शेजारीशेजारी वेगवेगळे भरता येणारे चार पट्टे. कॅसेटची फीत जेमतेम चार मिलिमीटर रुंद. एरवी तिच्यावर एका बाजूचे दोन आणि उलट्या बाजूचे दोन ट्रॅक असतात. पोर्टास्टुडिओ चारही एकाच दिशेने वापरतो आणि फीत दुप्पट वेगाने, सेकंदाला पावणेचार इंच पळवतो. म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधरा मिनिटं मिळतात. वेग वाढला की वरच्या पट्टीतले आवाज नीट उमटतात, म्हणून ही उधळपट्टी.

आता चार ट्रॅकवर चारच वाद्यं बसतात का? नाही. तीन ट्रॅक भरायचे, ते मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि पहिले तीन पुसून पुन्हा वापरायचे. याला आम्ही बाउन्स म्हणायचो. त्यातही युक्ती अशी, की बाउन्स होत असताना कोणीतरी समोर बसून आणखी एक वाद्य वाजवायचं, तेही त्याच ट्रॅकवर जातं. असं करत गेलं तर चार, मग तीन, मग दोन, मग एक असे दहा भाग बसतात. किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. प्रत्येक उतरवणुकीत फितीची सरसर वाढते आणि आवाजाची धार बोथट होते. आणि एकदा मूळ ट्रॅक पुसले की परत फिरता येत नाही. व्हायोलिन जरा मोठं झालं का, हे उद्या कळून उपयोग नाही.

आता मूळ मुद्दा. हे काम एकट्याने होतं, पण दोघांनी केलं तर कितीतरी चांगलं होतं. एक जण वाजवतो, दुसऱ्याचे हात फेडरवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणांवर. आणि पुसायच्या आधी ‘हे ठीक आहे ना?’ विचारायला तिसरा कान लागतो. तुम्ही म्हणता ती मंडळी मला या यंत्राच्या रचनेतच दिसते. मी आणि माझे दोन मित्र वर्षभर अशा एका चार ट्रॅकच्या यंत्रावर बसायचो. माझ्या गाण्यावर ढोलक मित्राने वाजवला तो केवळ मला दोनच हात होते म्हणून, आणि तो ढोलकच त्या गाण्यातली सगळ्यात चांगली गोष्ट ठरला.

‘एरोप्लेन’मधली गिटारची फाटकी धार मात्र अपघात किंवा गरिबी म्हणून ऐकू नका. तोवर श्नायडर चांगला तयार झालेला होता आणि स्टुडिओ हाताशी होता. ॲकूस्टिक गिटार इतकी पुढे आणि इतकी तापवून ठेवायची हे ठरवून केलेलं आहे.

---

किरवाणी

मला इथे वेगळं म्हणायचं आहे, आणि मनापासून म्हणायचं आहे.

करवत काढा, ट्रम्पेट काढा, गिटारची धार काढा. एक माणूस आणि एक साधी गिटार उरली तरी ही गाणी उभी राहतात. पुढे २०११ च्या सुमारास मँगम एकटा गिटार घेऊन कार्यक्रम करत होता तेव्हाचं ऐका. काही उणं वाटत नाही. उलट इतरांचे अल्बम घ्या. तीच माणसं, तीच वाद्यं, तोच डेन्व्हरचा स्टुडिओ, पण हा परिणाम नाही. मग फरक कशाने पडला? शब्दांनी आणि गळ्याने. ते दोन्ही एकाच माणसाचे आहेत.

मंडळीचं कौतुक जरूर करावं. पण आपण हल्ली एकट्याच्या प्रतिभेला एकट्याची म्हणायला कचरतो असं मला वाटतं. एखाद्याच्या आत काहीतरी असतं, आणि बाकीचे त्याला जागा करून देतात. जागा करून देणं मोठं आहे, पण ते आणि हे सारखं नाही.

---

सांजपावा

किरवाणीताई, तुमचा मुद्दा ‘एरोप्लेन’पुरता मला मान्य होईलही. पण मग या वर्तुळातला दुसरा अल्बम घेऊ, जिथे असा एक माणूस दाखवताच येत नाही.

ऑलिव्हिया ट्रेमर कंट्रोलचा १९९६ चा जोडअल्बम, ‘डस्क ॲट क्युबिस्ट कॅसल’. सत्तावीस तुकडे. डॉस गोड चालीचा माणूस, त्याला सूर सापडला की तुम्ही दिवसभर गुणगुणता. हार्टला आवाजाच्या पोतात रस. घासणं, घंटा, उलटी फिरवलेली फीत, कुठूनतरी येणारी कुजबुज. जॉन फर्नांडिसचं व्हायोलिन आणि क्लॅरिनेट, एरिक हॅरिस, पीट अर्चिक. मधे ‘ग्रीन टाइपरायटर्स’ नावाचे सलग दहा तुकडे येतात, सगळ्यांचं नाव तेच. त्यातल्या एकात मिनिटंच्या मिनिटं गाणं असं नसतंच, नुसता आवाज हळूहळू जागा बदलतो. मग त्यातून पुन्हा चाल वर येते तेव्हा पाण्यातून डोकं बाहेर काढल्यासारखं होतं. डॉस एकटा असता तर सुंदर पॉप झालं असतं. हार्ट एकटा असता तर प्रयोग झाले असते. दोघांच्या ओढाताणीतून हे झालं.

एक अनुभव सांगते. या अल्बमबरोबर वाद्यसंगीताची आणखी एक सीडी निघाली होती. दोन्ही सीडी एकाच वेळी, दोन वेगळ्या प्लेअरवर लावायच्या अशी कल्पना. चार स्पीकर, मधे तुम्ही. मी आणि माझ्या बहिणीने एकदा केलं. दोघींनी तीन, दोन, एक म्हणत एकदम बटण दाबलं. दोन प्लेअर कधीच अगदी बरोबर सुरू होत नाहीत. त्यामुळे मागची घंटा कधी गाण्याच्या ठोक्यावर पडते, कधी किंचित आधी. पुन्हा लावलं तर वेगळ्या ठिकाणी. म्हणजे आम्ही त्या दुपारी जे ऐकलं ते नेमकं तसं दुसऱ्या कोणी ऐकलेलं नाही, आणि आम्हालाही परत मिळणार नाही. एकटीने हा प्रयोग करायला गेलं तर दोन हात दोन प्लेअरपर्यंत पुरत नाहीत. ऐकायलाही दुसरं माणूस लागतं असा अल्बम मी दुसरा पाहिलेला नाही.

---

अनवट

किरवाणी, तुमचा आक्षेप योग्य ठिकाणी आहे. शब्द आणि गळा मँगमचाच, त्यात वाटेकरी कोणी नाही. तरी एक गाणं घेऊन बोलू. ‘ओ कमली’. आठ मिनिटांहून मोठं, जवळजवळ सगळं एक गिटार आणि एक आवाज. तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच. ते एका दमात रेकॉर्ड झालं. चाचणी म्हणून गायला बसला आणि थांबलाच नाही. शेवटी आवाज विरत असताना लांबून एक ओरडा ऐकू येतो. तो स्पिलेन. ऐकता ऐकता न राहवून तोंडातून निघालेला उद्गार त्यांनी पुसला नाही. फुंकवाद्यं त्यावर नंतर चढवली.

मला त्या ओरड्यात सगळं दिसतं. तो माणूस एकटा गात होता हे खरं. पण तो कुणासमोर गात होता? ज्यांना रस्टनच्या दिवसांपासून कॅसेट द्यायची सवय होती अशा, आणि त्यांच्यात नव्याने आलेल्या दोस्तांसमोर. रिकाम्या खोलीत तो आठ मिनिटं थांबला नसता असं मी ठामपणे म्हणू शकत नाही. पण खोली रिकामी नव्हती, आणि ते टेपवर आहे.

---

किरवाणी

तो ओरडा मी आजवर चूक समजत होते. रेकॉर्डिंगमध्ये राहून गेलेली. पुन्हा ऐकते.

---

गणिती

थोडं अवांतर, पण श्नायडरबद्दल असल्यामुळे लिहितो. इथे किती जणांना माहीत आहे कल्पना नाही. रॉबर्ट श्नायडर आता गणितज्ञ आहे, आणि हौशी नव्हे. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातून २०१८ मध्ये त्याने पीएचडी केली. मार्गदर्शक केन ओनो. विषय पूर्णांकांची विभाजनं, म्हणजे थेट आपल्या रामानुजनांचं अंगण.

विभाजन म्हणजे काय ते सोपं आहे. ४ ही संख्या बेरजेने किती प्रकारे लिहिता येते? ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. पाच प्रकारे. ५ ची सात प्रकारे. पुढे हा आकडा उसळत जातो, १०० ची विभाजनं १९ कोटी ५ लाख ६९ हजार २९२ होतात. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ मध्ये हा आकडा अदमासे सांगणारं सूत्र दिलं. बरोबर शंभर वर्षांनी डेन्व्हरचा हा पॉप निर्माता त्याच विषयात प्रबंध देतो, हे वाचलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून फेऱ्या मारल्या होत्या.

त्याचं गणित त्याच्या संगीतातही आहे. त्याने एक स्वरश्रेणी बनवली, ती पायथॅगोरसच्या गुणोत्तरांवर चालत नाही. त्यातल्या स्वरांच्या कंपनसंख्या पूर्णांकांच्या नैसर्गिक लॉगरिदमच्या प्रमाणात असतात. वर जाल तसे स्वर एकमेकांना चिकटत जातात, अंतर आकसतं. ॲपल्सच्या २००७ च्या ‘न्यू मॅग्नेटिक वंडर’मध्ये या श्रेणीतले छोटे तुकडे आहेत. पहिल्यांदा बेसूर वाटतात. दोन-तीनदा ऐकल्यावर कान तिथे घर करतो.

चार ट्रॅकवर दहा भाग बसवणाऱ्या डोक्याला विभाजनांचा ध्यास लागावा यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

---

आडवाट

चर्चेत मुलगे फार आणि मुली कमी आल्या म्हणून लिहिते.

हिलरी सिडनी ॲपल्सची ड्रमर, गायिका आणि गीतकारही, आणि सुरुवातीच्या काळात एलिफंट सिक्सचं लेबल म्हणून जे काम होतं ते चालवण्यात ती पहिल्यापासून होती. कव्हरं दुमडणं, पाकिटं भरणं, पत्ते लिहिणं हे काम कुणीतरी करतं तेव्हा तबकडी दुसऱ्याच्या दारात पोचते. लॉरा कार्टरचा उल्लेख अनवट यांनी झँझिथोफोनपुरता केला, पण तिचं काम त्याहून पुष्कळ मोठं. एल्फ पॉवरमध्ये ती पहिल्यापासून, आणि अथेन्सच्या बाहेर ऑरेंज ट्विन नावाची जी वस्ती या लोकांनी उभी केली तिच्यात ती अगदी मधोमध आहे. जवळपास दीडशे एकर जागा, पूर्वी तिथे मुलींच्या गर्ल स्काउट पथकांची शिबिरं भरायची. बहुतेक जमीन जंगल म्हणून तशीच राखायची आणि थोडक्या भागात एकत्र राहायचं, हा बेत. त्याच नावाचं रेकॉर्ड लेबलही आहे.

आणि याच लेबलने २००१ मध्ये एक विलक्षण गोष्ट काढली. बल्गेरियात कोप्रिवश्तित्सा गावी लोकसंगीताचा मोठा उत्सव भरतो. डोंगरउतारावर ठिकठिकाणी गावोगावचे गट गात-वाजवत उभे असतात. तिथले आवाज मँगमने टेपवर आणले आणि त्यांचा एक सलग पट तयार केला. स्वतःचा एक शब्द नाही, एक सूर नाही. ‘तो गायब झाला’ असं आपण म्हणतो त्याच काळातलं हे काम आहे. गायब कुठे झाला? तो दुसऱ्यांचं गाणं ऐकत उभा होता. मला हे त्याच्या गाण्यांइतकंच प्रिय आहे.

बाकीचेही थांबले नाहीत. बार्न्सने हेदर ट्रॉस्टबरोबर ‘अ हॉक अँड अ हॅकसॉ’ केलं, पूर्व युरोपच्या वाटेने जाणारं संगीत. कोस्टर ‘द म्युझिक टेप्स’ घेऊन हिवाळ्यात लोकांच्या घरोघरी जाऊन नाताळची गाणी म्हणत फिरायचा. कुणीही बोलवावं, दिवाणखान्यात बसावं, करवत ऐकावी.

---

खर्ज

आडवाट, घरोघरी जाऊन गाण्याचं वाचून बरं वाटलं. पुढच्या रविवारी माझ्या त्या दोन मित्रांपैकी एकाकडे जाणार आहे. यंत्र अजून त्याच्याकडे आहे. पट्टे सैल झाले असणार, हेड साफ करावं लागेल. कॅसेट चालली तर तो ढोलक तीस वर्षांनी ऐकेन.

---

सांजपावा

एक गोष्ट या धाग्यात अजून आली नाही, ती नोंदवते.

बिल डॉस जुलै २०१२ च्या अखेरीस गेला. ऑलिव्हिया ट्रेमर कंट्रोल तेव्हा पुन्हा एकत्र येऊन नवीन काम करत होतं. २००८ आणि २०११ मध्ये ही सगळी मंडळी ‘हॉलिडे सरप्राइज’ नावाने एकत्र दौऱ्यावर गेली होती. एका मंचावर डझनभर माणसं, एकाच्या गाण्यावर दुसरा झांजा आणि तिसरा तुतारी घेऊन. २००८ मध्ये त्यातल्या काही कार्यक्रमांना मँगम अचानक पुढे आला, एक गाणं म्हटलं, कोस्टर शेजारी करवत घेऊन बसला, आणि परत मागे गेला.

डॉसनंतर हार्ट आणि बाकीचे अर्धवट राहिलेल्या टेपा घेऊन बसले. हार्टला मल्टिपल स्क्लेरॉसिस होता, बऱ्याच वर्षांपासून. २९ नोव्हेंबर २०२४ ला ऑलिव्हियाची दोन नवी गाणी बाहेर आली. त्याच दिवशी हार्ट गेला. त्रेपन्न वर्षांचा होता.

मी ती दोन गाणी त्या दिवशी सकाळी आनंदाने ऐकली होती. बातमी नंतर कळली. तेव्हापासून ती लावायला हात होत नव्हता. हा धागा वाचताना काल लावली.

---

किरवाणी

‘ओ कमली’ तीनदा ऐकलं. तो ओरडा आता चूक वाटत नाही. माझं मत पूर्ण बदललं असं नाही, गाणी मँगमचीच आहेत. पण अनवट म्हणतात तसं फक्त पितळी वाद्यांमागे जाऊन ऐकलं तेव्हा ‘द फूल’शी थांबले. आजवर मी तो तुकडा दोन गाण्यांमधला पूल म्हणून ओलांडून जायचे. ती एक अंत्ययात्रा आहे. ढोल जड पावलांचा, आणि वर ती पितळ्याची चाल रडत रडतही ताठ चालते. तो नसता तर त्यानंतरचं गाणं इतक्या जोरात फुटलं नसतं. तो स्पिलेनने रचला हे मला या धाग्यावर कळलं, इतकी वर्षं ऐकून.

सांजपावा, दोन्ही तारखा एकत्र वाचून गलबललं.

---

मृद्गंध_२

ऐकला. काल रात्री, दिवे मालवून, एका बैठकीत. पहिल्या दोन गाण्यांत खरंच वाटलं हा माणूस फार ओरडतोय. तिसऱ्यात करवत आली आणि मग मी कुठेच गेले नाही.

सगळं कळलं असं म्हणणार नाही. पण एक विचारायचं आहे. शेवटचं गाणं संपतं तेव्हा तो गिटार खाली ठेवतो, खुर्चीवरून उठतो आणि चालत निघून जातो. पावलं ऐकू येतात. तेवढा वेळ टेप चालूच आहे. म्हणजे पलीकडे कोणीतरी बसलेलं होतं आणि त्याने बटण दाबलं नाही. तो श्नायडरच का?

घरात एकच प्लेअर आहे, दुसरा शेजारच्या मैत्रिणीकडून आणते. शनिवारी सांजपावा यांचा चार स्पीकरचा प्रयोग करू म्हणतोय.